नाकाच्या छपराशी

डब्यांवर मी तारखा लिहिते.
डाळ – मंगळवार. दही – रविवार,
म्हणजे आज संपवायचंच.
ओट्याजवळ भिंतीला टाचलेला कागद:
गॅसचा कान पिळ, मग कुलूप लाव.
बावीस वर्षांपूर्वी शिस्तीच्या भरात लिहिलेला,
आता तेलकट झालाय,
त्यालाही वास असणार.

रोशनीघरच्या ऑफिसात माझ्या टेबलावरची ट्यूब
मी काढून टाकायला लावली.
नवे साहेब विचारतात, टिपणीस मॅडम, अंधारात का?
मी म्हणते, बिलं दिसतात मला.
तडतडणारा उजेड डाव्या भुवईतून आत शिरतो
आणि संध्याकाळपर्यंत उठत नाही,
हे कुणाकुणाला सांगत बसायचं?

पेनल्टी कॉर्नर होता. सरावातला,
ज्याचा गोल कुठल्याच कागदावर चढत नाही असा.
कंपूच्या मैदानावर नुकतं पाणी मारलं होतं.
गोलरेषेमागून मी पहिली सुटायची,
फटका बसायच्या आत मारणारीच्या पायाशी पोचायचं,
एवढंच माझं काम, आणि ते मला येत होतं.
सरोज भदौरियाने मारला.
चेंडू उठला.
कुणाचीच चूक नाही. हे मी तिला
इतक्यांदा सांगितलंय की आता ते
स्टेशनवरच्या घोषणेसारखं वाटतं.

भुवईवर बसला, आणि पडले ती डोक्याच्या मागच्या अंगावर.
जयारोग्यचे डॉक्टर म्हणाले,
नाकाच्या छपराशी बारीक भोकं असतात,
त्यांतून केसाहून बारीक धागे वर मेंदूत जातात,
हिसका बसला की तुटतात.
परत येतात का?
येतात कुणाकुणाचे.
त्या 'कुणाकुणाचे'वर आईने वर्ष काढलं.
रोज सकाळी लवंग, लिंबाची साल, कॉफी, कापूर
माझ्या नाकाशी, आणि तिचे डोळे माझ्या तोंडाकडे.
कापूर नुसता गार लागायचा.

सरोज लग्न होऊन भिंडला गेली.
दर संक्रांतीला गजकचा डबा, मागून फोन.
"खुशबू आई?"
आली, मी म्हणायचे, घरभर.
पहिल्या वर्षी खोटं बोलले ते तिच्यासाठी.
पुढची एकवीस सवयीने.

यंदा डबा घेऊन ती स्वतःच आली.
धुकं असं की शिंद्यांच्या छावणीत
रिक्षावाला दोनदा चुकीच्या गल्लीत घुसला.
मी दूध ठेवलं, बोलत बसलो,
तिचा मुलगा, तिचे गुडघे, सासूची पेन्शन,
आणि एका वाक्याच्या अधेमधेच ती थांबली.
नाक वर. उठली. आत गेली.
बटण फिरल्याचा आवाज मला ऐकू आला.

काळं पातेलं घेऊन ती दारात.
"कब से?"
तेव्हापासूनच, मी म्हटलं.

रडली नाही. पातेलं नळाखाली धरलं,
घासणीने घासत राहिली,
निघालं तरी घासत राहिली.
मग पदराला हात पुसून गजकचा तुकडा मोडला,
स्वतः हुंगला, मला सांगायला लागली:
तीळ. भाजलेला. नाही, भाजण्याच्या जरा पुढे गेलेला.
गूळ, पण त्याच्या आधी धूर.
आणि लोखंडासारखं, म्हणजे लोखंड नाही...
भिंड-मुरैन्याकडची बाई,
सगळे हिवाळे गजकात गेलेले,
अर्ध्या मिनिटात अडली.
मला बरं वाटलं. का, ते नाही सांगता येत.

आणि ते मैदान? मी विचारलं. पाणी मारलेलं?
बराच वेळ तुकडा हातात तसाच.
"वो तो अब मुझे भी याद नहीं."

आता रोज सव्वानऊला,
मी चप्पल घालत असते तेव्हा फोन वाजतो.
"गैस?"
बंद.
ती ठेवते.
मग चप्पल काढून
मी आत जाऊन बघते.