एकशे अकरा

यावलला मे महिन्यात दुपारी
कुत्रंसुद्धा गल्ली ओलांडत नाही,
तरी मी दाराला दोन कड्या घालते
आणि आतून कुलूप.

पलीकडे लीलाधर झोपे.
केळीच्या गाड्यांचं वजन लिहितो.
बायकोनं सोडलं की त्यानं,
गल्लीजवळ दोन्ही हिशोब तयार आहेत.
मी विचारलं नाही.
विचारलं की सांगावंही लागतं.

त्या दिवशी मी बँकेच्या रांगेत
आणि वावधान उठलं.
गच्चीवर दोन खाटा भरून ज्वारीचे बिबडे.
धापा टाकत आले, तर कठड्यावर
माझ्याच लुगड्यात बांधलेली चळत,
वर वजनकाट्याच्या पावतीमागे लिहिलेलं:
‘एकशे अकरा. पैकी एक माझ्या हातून तुटला.’

मोजले. बरोबर होते.
तुटलेला वेगळ्या कागदात,
दोन्ही तुकड्यांसकट.

सासरी एवढं तुटलं,
पावती कुणी फाडली नव्हती.

रात्री तो पऱ्हाटीवर वांगी भाजत होता.
धूर सरळ माझ्याकडे.
मी उठून आत गेले नाही.
‘हिरवी मिरची आहे का?’
त्याच्या ताटलीत मिरच्या दिसत होत्या.
‘आहे,’ म्हटलं.

कठडा गुडघ्याएवढाच निघाला,
सहा वर्षं मला तो छातीएवढा वाटायचा.
तो तुटलेला बिबडा मी सोबत नेला,
त्याच्या निखाऱ्यांवर धरला.
मोठा तुकडा कुणाला गेला,
पाहिलं नाही.

‘मीठ जरा जास्त पडलंय,’ तो म्हणाला.
‘माझ्या हातचं असंच असतं.’
‘असू दे.’