ताबा

आदियामानच्या वेशीवर नव्या इमारती, झाडं अजून यायचीत.
मी किल्ल्या घेऊन उभा, हातात छापील यादी:
नळ, फरशा, खिडक्यांच्या कड्या, बटणं.
झुल्फिये हानिम यादीकडे बघतसुद्धा नाहीत.

चपला दाराबाहेर काढतात,
कोपऱ्यातल्या खांबावर टिचकी मारून
कान लावतात, कलिंगड घेताना लावावा तसा.
“आत सळ्या किती?”
मी आकडा सांगतो.
“तू पाहिल्यास?”
मी कागद चाळतो.

मग डोळे मिटून
झोपायच्या खोलीतून दारापर्यंत चालतात, पुटपुटत.
अकरा पावलं.
पुन्हा चालतात,
या वेळी कडेवर नसलेलं मूल घेऊन.
तेरा.

स्वयंपाकघरातला नळ गळतोय, मीच दाखवतो.
“गळू दे. रात्री जाग राहील.”

सही करता करता पेन थांबतं.
“दार कुठे उघडतं? आत की बाहेर?”
आत.
“ते फिरवून दे. मग किल्ली.”

यादीत त्याला रकाना नव्हता.
समासात लिहिलं, तिरकं, दाटीवाटीनं.

उतरताना लिफ्ट चालू होती, तरी जिना घेतला.
अठ्ठ्याहत्तर पायऱ्या.
माझ्या घराच्या किती,
खाली पोचेपर्यंत आठवेना.