दोनशे सहा

तिबिलिसीत, जुन्या चित्रफितींच्या संग्रहालयाच्या तळघरात
माझं टेबल आहे, टेबलाखाली एक हीटर
जो फक्त डावा पाय शेकतो.
इथे बसून मी लोकांना रिळं पाठवते,
एकेक चौदा जीबीचं.

पहिल्या हिवाळ्यात सर्व्हर रोज मरायचा.
प्रोग्रॅम माझाच, चूक माझीच:
कुणी फाइल मागितली की तो ती अख्खी पोटात घ्यायचा,
मग द्यायला वळायचा
आणि वळता वळता कोसळायचा.
तिघांनी एकदम मागितलं की संपलंच,
संग्रहालय किती वाजता उघडतं
एवढंसुद्धा कुणाला दिसेना.

मलखाझ जिना उतरून आला, धापा टाकत,
मिशीला अक्रोडाचा चुरा.
कोड वाचून म्हणाला, "पोरी, तू कारकून की हमाल?
दारात बस. चिठ्ठी बघ, सही बघ,
आणि आत हाक मार, सोळा नंबरचं रीळ सोड याला.
ओझी वाहायला मागे दुसरा उभा आहे.
त्याला विचार करता येत नाही,
म्हणून तो दमत नाही."

नव्वद ओळी खोडल्या, चार लिहिल्या.
रीळ आता ओंजळ-ओंजळ जाऊ लागलं,
भरलेली ओंजळ गेली की दुसरी.
मला काम उरलं नाही,
म्हणून मी नोंदी वाचत बसू लागले.

तिथेच तो भेटला. नुसता एक पत्ता,
वर स्वानेतीतला, उश्गुलीच्या आसपासचा.
रात्री दोननंतर यायचा,
तेव्हा तिकडे वीज असेल,
किंवा त्याला झोप नसेल.
मागायचा एकच: एकाहत्तर सालची गवतकापणी.
तीनशे एमबी पोचायचे, लाइन तुटायची.
दुसऱ्या रात्री पुन्हा हजर, पण पहिल्यापासून नाही:
इथवर आलंय, पुढचं द्या.
आणि आतून उत्तर, दोनशे सहा.

दोनशे म्हणजे सगळं दिलं.
दोनशे सहा म्हणजे मागितलंस तेवढं दिलं,
बाकी आहे.

आमच्या घरी हा आकडा कुणाला ठाऊक नव्हता.
बाबा बातुमीहून दोन-दोन महिन्यांनी यायचे
आणि भांडण दर वेळी शून्यापासून.

चौतिसाव्या रात्री त्सियाला म्हणाली,
त्या रिळावर फार ओरखडे आहेत,
साफ केलेली प्रत चढवू या.
मी नको म्हटलं.
एक बाइट इकडचा तिकडे झाला
की त्याच्या मागच्या सगळ्या रात्री पाण्यात.
"कुणाच्या?" तिनं विचारलं.
मला नाव सांगता येईना.

मग चार रात्री काहीच नाही.
वर बर्फ पडत असणार.
मी घरून, अंथरुणातून नोंदी उघडायची,
यंत्रमानवांच्या, चोरांच्या, शाळकरी पोरांच्या ओळी,
त्यात तो नाही.
पाचव्या रात्री दोन वाजून अकरा मिनिटांनी:
इथवर आलंय, पुढचं द्या.
मी अंधारात एकटीच हसले.

बावन्नाव्या रात्री शेवटचा तुकडा गेला.
वाटलं होतं काहीतरी वाजेल.
दोनशे सहाच आलं, नेहमीसारखं.

आठवड्यानं पत्र आलं,
खाली नाव, वारलाम निझाराद्झे.

"एकेचाळिसाव्या मिनिटाला दिसते ती बाई माझी आई नव्हे.
आई तिच्या मागून येणार, इतक्यात कॅमेरा डोंगराकडे वळतो.
त्याला डोंगरात काय दिसलं कोण जाणे.
गाय मात्र आमचीच.
डावं शिंग खाली वळलेलं, मी तिला पाहताच ओळखलं.
त्या दिवसाचं दुसरं रीळ आहे का?"

यादी उघडली.
आहे. बावीस जीबी.
त्सियालाला चिठ्ठी लिहून ठेवली, याला हात लावू नकोस,
हीटर पायानंच उजवीकडे ढकलला
आणि त्याला लिंक पाठवली.