चौथा तुकडा

हेमांगीच्या सामानातून आलं हे यंत्र,
कुकर आणि इस्त्रीच्या मधे, जुन्या टॉवेलात गुंडाळलेलं,
पाथर्डी फाट्यावर, तिसऱ्या मजल्यावर.
टॉवेल कुणाचा, ते मी विचारलं नाही.
"ते माझं आहे. वॉफलचं," शाल्मली म्हणाली.
नऊ वर्षांच्या मुलीचं माझ्या घरातलं
पहिलं पूर्ण वाक्य.

मी अंबडच्या टूलरूममध्ये. बावीस वर्षं डाय घासतोय.
त्यामुळे यंत्र उघडलं आणि आधी बोट फिरवलं
खणांच्या कडांवरून.
उतार बरा दिलेला, कोपऱ्यांना गोलाई,
वरची पाटी मात्र केसभर तिरकी.
"बिजागरी ढिली आहे. काढून नीट करतो."
"ती तशीच असते," ती म्हणाली.
"तशीच ठेवा."

रविवारी आख्खं नाशिक मिसळ खायला निघतं.
खालच्या जोशींची गाडी सकाळी आठलाच सुरू होते,
काचा वर, लोकरीच्या टोप्या, तर्रीवरून वाद.
मीही गेलो असतो. एकटा होतो तेव्हा जायचोच,
कोपऱ्यातलं टेबल, दोन जादा पाव.
आता ओट्याशी उभा आहे
पळी हातात घेऊन, कुणीतरी सांगेल तसा.

पहिला घाणा चिकटतोच, हे मला कळायला हवं होतं.
वाफ दिसली, मी झाकण उचललं,
आणि वॉफल मधोमध फाटलं:
अर्धं वर, अर्धं खाली,
दोन्ही जबडे आपापलं धरून बसलेले.
शाल्मलीने काडी घेतली
आणि एकेक खण कोरत बसली, न चिडता,
जणू हे तिने आधी कुणालातरी करताना पाहिलंय.
"हिरवा दिवा लागेपर्यंत उघडायचं नाही.
काका, तुम्ही नेहमी घाई करता."
नेहमी!
दसऱ्यानंतर तर सही केली आम्ही रजिस्टरवर.

मग जमत गेलं.
हेमांगीने मैद्यात पेठची नागली मिसळली,
शाल्मलीने नाक मुरडलं आणि दोन खाल्ले.
दिंडोरीच्या बहिणीने बेदाणे पाठवले,
ते खणात बरोब्बर बसतात, खणाला एक,
हा शोध माझा. कुणी दाद दिली नाही,
पण पुढच्या रविवारी बेदाण्यांची वाटी
न मागता ओट्यावर होती.

वॉफल गोल, त्यावर अधिकचं चिन्ह,
तुकडे चार.
आम्ही तिघं.
चौथा ती बशीत ठेवते, फ्रिजवर, झाकून.
संध्याकाळपर्यंत तो मऊ पडतो.
रात्री हेमांगी दिवा न लावता
उभ्याउभ्याच खाते.
मी कूस बदलतो, झोपेतल्यासारखी.
घरातल्या काही गोष्टींना
हात न लावणं हीसुद्धा देखभालच असते,
डायला तेल लावून ठेवतो ना आपण,
काम नसलं तरी.

या सोमवारी पहिली पाळी होती.
थंडी अशी की मायक्रोमीटर हाताला डसत होता.
साडेबाराला डबा उघडला:
भेंडी, पोळ्या, आणि वरच्या पुडात
फॉइलमध्ये काहीतरी चपटं.
एक कड करपलेली,
खणांत मध साठून घट्ट झालेला,
बेदाणे मोजून चार.

शेजारच्या गांगुर्डेने मान वाकवली.
"हे काय रे, मोरीची जाळी?"
"डाय जुनी आहे," मी म्हटलं,
"बिजागरी ढिली. पण माल चांगला येतो."
तो हसला, हात पुढे केला.
एरवी आम्ही वाटूनच खातो, सोळा वर्षं,
त्याची मिरची, माझं लोणचं.

त्याला भेंडी दिली. सगळी.