हातचा

फोटो आला मंगळवारी, दुकान बंद करायच्या वेळी:
अजून बाजारात न आलेलं हातातलं गेमयंत्र,
पोट फाडलेलं, आतडी उघडी,
कडेला कुणाच्या तरी अंगठ्याची सावली.

कियोहिरोने शटर अर्धं ओढलं,
सुपरमार्केटच्या जाहिरातीचा पाठकोरा घेतला,
डोळ्याला भिंग लावलं.
स्क्रूचं डोकं तीन मिलिमीटर, म्हणाला,
म्हणजे चिप एवढी.
चिप एवढी, म्हणजे नऊ हजार आठशे येन.
पडदा सात इंची, पाच हजार दोनशे.
मेमरी महागलीय, चार हजार शंभर धर.
बॅटरीच्या पाठीवरचे आकडे पुसट,
(इथे त्याने भिंग पुसलं)
एकोणीसशे.
पंखा साडेतीनशे, फार बारीक, उन्हाळ्यात रडेल.
अंगठ्याखालच्या दोन काड्या सहाशे-सहाशे,
त्या वर्षभरात भरकटणार, आपल्याकडेच येणार,
पण ती आपली कमाई, ती यात नाही.

मी चहा ओतत होते आणि हातचे धरत होते.
त्याला कॅल्क्युलेटर चालत नाही,
मी चालते.

नवं यंत्र येणार म्हटलं की निप्पोनबाशीच्या आमच्या गल्लीत
ही पैज ठरलेली.
जुने कॅमेरे विकणारा निशिगाकी
किंमत ओळखतो कंपनीच्या साहेबाच्या टायवरून.
कोपऱ्यावरच्या ओगुराबाई डोळे मिटून आकडा फेकतात,
अंदाजपंचे दाहोदरसे,
आणि मागच्या दोन्ही वेळा त्याच जिंकल्या.
हरेल त्याने बाकीच्यांना उदोन खिलवायचं.

"बटणाखालचं रबर," कियोहिरो म्हणाला
आणि थांबला.
ते मी सांगायचं असतं.

फुसेच्या रेल्वेपुलाखाली उएमुरांचा कारखाना होता.
एकोणीस वर्षं मी तिथे रबराच्या टोप्या तपासल्या,
मसुरीहून जरा मोठ्या.
अंगठ्याने दाबायची, सोडायची:
आधी नकार, मग एकदम होकार.
नकार लांबला तर डावीकडच्या डब्यात.
एका टोपीचे चार येन तीस सेन.
खरेदीचा माणूस आला, कोवळाच होता,
ओला रेनकोट हातात धरून वाकून वाकून म्हणाला,
चार करा.
सेनचं नाणं आता निघतही नाही.
तीस सेन देता येत नाहीत, घेता येत नाहीत,
फक्त कापता येतात.
जाताना उएमुरांनी त्याला छत्री दिली.
मार्चमध्ये कारखाना बंद.

"चार," मी म्हटलं.
"नुसते चार?"
"चार."
त्याने लिहिलं चार, गुणिले दहा,
मग जुळणी, खोका, जहाज,
कंपनीचं पोट, दुकानदाराचं पोट, शेकडा दहा सरकारचे,
रेघ मारली:
चव्वेचाळीस हजार नऊशे ऐंशी.
ते ऐंशी कुठून आले मी विचारलं नाही;
ऐंशीने संपली नाही तर आमच्याकडे ती किंमत वाटतच नाही.

शुक्रवारी खरा आकडा आला.
एकोणपन्नास हजार नऊशे ऐंशी.
ओगुराबाईंनी पन्नास म्हटलं होतं,
वीस येननी हुकल्या म्हणून खट्टू.
निशिगाकीचे बावन्न.
उदोनचे पैसे आम्ही दिले.
वाफेत कियोहिरोने पाठकोरा पुन्हा उलगडला,
स्क्रू पुन्हा मोजले, तेवीसच.
"हातचा विसरलीस का कुठे?"
पाहिलं. नव्हते विसरले.

यंत्र निघालं तेव्हा चौकातल्या मोठ्या दुकानात
साखळीने बांधून ठेवलं होतं, दाबून बघायला रांग.
माझी पाळी आली. मागे एक शाळकरी मुलगा,
दप्तर पोटाशी.
पडद्याकडे मी बघितलंच नाही.
दाबलं, सोडलं. दाबलं, सोडलं.
उजवीकडचं खालचं: नकार जरा लांबतो.
डावीकडच्या डब्यात, मी म्हणाले.
"काय म्हणालात?"
काही नाही रे.
घे, तुझी पाळी.