दीड इंच

दर जूनला दप्तर, रेनकोट, पाय.
वानवडीच्या वर्कशॉपमध्ये पाटोळेमामा
कमरेला पट्टी लावून म्हणतात,
"दीड इंच वाढलीस की गं, घुले!"
म्हणजे पुन्हा साचा, पुन्हा हप्ते.

धाकटीला हिचे फ्रॉक जातात, सायकल जाते.
जुने पाय माळ्यावर
गौरींच्या मुखवट्यांशेजारी, पेपरात गुंडाळून.
सगळ्यात पहिला तर वीतभरच.
टाकवत नाही.

पाहुणे म्हणतात,
स्वतःच्या पायावर उभी राहा हं, बाळ.
मनवा विचारते, "कुठल्या?"
चहा गार होतो.

रात्री सॉकेटच्या कडेचा लाल वळ.
मी खोबरेल लावते,
तर खाज सुटते ती नसलेल्या अंगठ्याला.
हवेतच खाजवते मग.
"जरा डावीकडे, आई."

मधल्या सुट्टीत लंगडी असली
की ती पाय काढून ठेवते
दप्तरांच्या रांगेत, बुटासकट.
राखणीला चिन्मय,
तो कायम पहिल्यांदा बाद होतो.
दमून बाकीच्यांचा दुसरा पाय टेकतो.
हिचा कुठून टेकणार?
सलग सात गडी मारले काल.

हडपसरच्या त्या शाळेत
बाई अजून नियम बघतायत.