साच्याची रेघ

कॅम्पातल्या दुकानातला पोरगा म्हणाला,
"काका, गोळीला काय फरक पडतो?"
नाही पडत. मलाही ठाऊक आहे.

पण भोसरीत बावीस वर्षं
प्लास्टिकवरून अंगठा फिरवलाय मी,
मिक्सरची झाकणं, स्कूटरचे इंडिकेटर,
आणि लाल खडूनं फुली मारलीय
याहून बारीक चुकीला.

मुठीखाली साच्याची रेघ, न घासलेली.
ट्रिगरच्या कड्याला नखाएवढी बर.
डाव्या अंगाला पांढुरकी भोवरी:
माल नीट तापायच्या आत
कुणीतरी बटण दाबलं असणार.
तिसरी पाळी, पहाटेचे चार.
ती पाळी मी केलेली आहे.

परवान्यात अडीच वर्षं गेली.
शैलजा दारातूनच विचारते, "परत देणार?"
तिला भोवरी दिसतच नाही.
तिला दिसतं
चहाच्या कपाशेजारी पिस्तूल.

निवडणूक लागली, ठाण्यात जमा करायला गेलो.
हवालदार घोडके वहीत लिहीत होते,
रंग काळा, नंबर अमुक.
"ओळखीची खूण काही?"

मी भोवरीवर अंगठा ठेवला.
"पास," तोंडातून निघून गेलं.
ते म्हणाले, "काय?"